एनएसएसच्या कॅम्पवरून करिअर ठरवताय? या चुका टाळा

एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, कॅम्पचा मोसम संपला की कॉलेजात दोन प्रकारची मुलं भेटतात. पहिला घरी जाऊन जाहीर करतो, "इंजिनिअरिंग सोडतोय, मी समाजकार्यच करणार." दुसरा म्हणतो, "सर्टिफिकेट मिळालं, सुटलो." पहिल्याचे आईवडील धास्तावतात, दुसऱ्याचे खूश होतात. खरं तर निर्णय दोघांचाही कच्चाच.

निरोपाच्या रात्री आयुष्य ठरवणं

सात दिवस गावच्या शाळेत मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती सगळ्यांचाच गळा दाटतो. त्यात खोटं काही नाही. पण तो कॅम्प तुम्हाला तयार ताटासारखा वाढलेला असतो. सरपंचांशी बोलणी, ग्रामपंचायतीचं पत्र, शिध्याची जुळवाजुळव, टँकर आलाच नाही तर काय, हे सगळं कार्यक्रम अधिकाऱ्यांनी, म्हणजे कॉलेजात एनएसएस सांभाळणाऱ्या सरांनी, आधीच निस्तरलेलं असतं. या क्षेत्रात नोकरी केलीत तर तुमच्या वाट्याला येणार ते हेच निस्तरणं.

उपाय सोपा आहे. पुढच्या कॅम्पच्या आधी सरांबरोबर गाव ठरवायला जा. तासभर ग्रामपंचायतीच्या बाकावर ताटकळा. मग कॅम्प संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी, टोळकं न घेता, त्याच गावात एकटे जा. "तुम्ही कोण?" असं विचारणाऱ्या माणसाशी बोलताना मजा आली, तर तुमचा निर्णय थोडा तरी पक्का समजा.

"श्रमदान केलं" एवढंच सांगणं

माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान या चुकीने होतं, कारण ती चूक आहे हेच कुणाला वाटत नाही.

वनराई बंधारा घ्या. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, तोंडं सुतळीने शिवायची आणि ओढ्यात आडवी रचायची. वरच्या थरातलं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर यायला हवं, नाहीतर पाणी सरळ फटीतून निघून जातं. पन्नास मुलांनी हेच काम केलं, पण पन्नास जणांचं काम एक नव्हतं. एक मुलगी पोती मोजत होती आणि दुपारपर्यंत किती कमी पडणार ते तिने सकाळीच सांगितलं. एकजण गळती कुठून होतेय हे शोधत गुडघाभर पाण्यात उभा होता. तिसऱ्याने एकही पोतं उचललं नाही, पण बांधावर येऊन हुज्जत घालणाऱ्या शेतकऱ्याला चहा पाजून शांत केलं. कॅम्पात त्याची "कामचुकार" म्हणून थट्टा झाली. प्रत्यक्षात त्या दिवसातलं सगळ्यांत अवघड काम त्याने केलं होतं.

एनएसएसची डायरी बहुतेक जण हजेरीसाठी भरतात: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०. त्याच डायरीत रोज दोन ओळी जास्त लिहा. न सांगता मी काय केलं? आणि कशातून अंग काढून घेतलं? दोन वर्षांनी डायरी उघडली की पहिल्या प्रश्नाखाली तेच ते उत्तर पुन्हा पुन्हा आलेलं दिसेल. तुमचा कल तिथे सापडेल. मुलाखतीतही "मी श्रमदान केलं"पेक्षा "पोत्यांचा हिशोब माझ्याकडे होता" हे वाक्य जास्त चालतं.

१९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ही योजना सुरू झाली तेव्हापासून तिचा मुख्य हेतू विद्यार्थ्याची घडण हा आहे. सात दिवसांत गाव बदलेल असं कुणी म्हटलेलंच नाही.

डिग्री एका कप्प्यात, सेवा दुसऱ्या

बीकॉमची मुलं एनएसएसने दत्तक घेतलेल्या गावात जाऊन रस्ते झाडतात आणि परत येऊन अकाउंटन्सीचा पेपर देतात. दोन्हींची गाठच पडत नाही. त्याच गावात महिला बचत गटाची नोंदवही असते. ती मागून बघा. अंतर्गत कर्ज "दोन रुपये शेकडा" दराने दिलेलं असतं. ऐकायला किरकोळ, पण हा दर महिन्याचा आहे, म्हणजे वर्षाला २४ टक्के. मग तेवढं व्याज बायका आनंदाने का भरतात? कारण ते व्याज गटातच, त्यांच्याच खात्यात राहतं. शिवाय सावकाराचा दर याहून चढा असतो. वर्गात वर्षभर शिकलेलं व्याज असं एका वहीत जिवंत होतं. ज्या मुलाला ही वही वाचताना तहानभूक विसरायला होतं, त्याने ग्रामीण बँकिंगचा विचार करायला हरकत नाही, आणि तृतीय वर्षाचा प्रोजेक्टही तिथूनच उचलावा.

मात्र उलटी चूकही होते. अभ्यास जमत नाही म्हणून प्रत्येक उपक्रमात पुढे. एटीकेटी साचली असेल तर आधी ती काढा.

दोनच दरवाजे आहेत असं समजणं

"समाजासाठी काही करायचंय" म्हटलं की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) नाहीतर यूपीएससी. दुसऱ्या दरवाज्यापाशी तर पुण्यातल्या अभ्यासिकांत किती वर्षं जातात ते आपण बघतोच. एमएसडब्ल्यू कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर करता येतं, त्यामुळे ते घाईने ठरवायचं कारणच नाही. संस्थांना हिशोबनीस लागतात, नर्स लागतात, नकाशे काढणारे आणि माहितीचे तक्ते सांभाळणारे लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायला लावलं, तेव्हापासून त्या पैशाचा चोख अहवाल लिहिणाऱ्यांनाही मागणी आली. हे काम रुक्ष आहे, पण पगारी आहे.

मनात खरंच घोळत असेल तर पदवीच्या काळातच पाणी जोखून बघा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमटेंनी १९६७ मध्ये सुरू केलेलं श्रमसंस्कार शिबिर असो, की डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये तरुणांसाठी सुरू केलेला 'निर्माण' उपक्रम. तिथे तुमच्यासारखेच गोंधळलेले तरुण भेटतात, आणि हेच काम वर्षानुवर्षं करणारी माणसंही.

पगाराचा प्रश्न टाळणं

"सेवेत पैसा कसला विचारायचा?" म्हणून मुलं मानधन न विचारता रुजू होतात आणि वर्षभरात कंटाळून बाहेर पडतात. सरळ विचारा: हातात किती येणार, पीएफ आहे का, प्रवासखर्च कोण देणार, प्रकल्पाचा निधी किती वर्षांचा आहे आणि तो संपल्यावर या पदाचं काय होणार. घरच्यांसमोर बसाल तेव्हा ही उत्तरं कागदावर लिहून न्या. वडील पहिल्यांदा पगाराचाच आकडा विचारतील.