मीटर खोलण्याआधी पिनियनचे दात मोजा

बाबांची विलिस पिकअप माझ्याकडे आली तेव्हा मीटरचा काटा ४६ मैल दाखवायचा आणि फोनवरचं जीपीएस म्हणायचं ताशी ६४ किलोमीटर, म्हणजे ४० मैल. काटोलहून संत्र्याच्या पेट्या भरून बाबांनी हीच गाडी वर्षानुवर्षं नागपुरात आणली. तिचं मीटर खोटं बोलावं हे मला सहन होईना. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन डॅशबोर्ड उघडायलाच बसलो होतो, तेवढ्यात वाडीचे एक म्हातारे मिस्त्री म्हणाले, "मीटर कायले खोलता जी? आधी पिनियनचे दात मोजा." पिनियन म्हणजे मीटरची केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक. मिस्त्रींचं ऐकलं म्हणून मीटर वाचलं. जुन्या केबलच्या मीटरची कुठलीही गाडी असो, ही चाचणी आधी करा.

मीटरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकाच केबलवर चालतात. अंतराचे आकडे दातांच्या चाकांनी फिरतात, त्यात घसरायला जागाच नाही. काट्याचं तसं नाही. केबल एक चुंबक फिरवते, चुंबक त्याच्याभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतो आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग ती ओढ अडवते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. म्हणून आकडे आणि काटा दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर दोष मीटरच्या खाली आहे: टायर, क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) किंवा मीटरचं पिनियन. आकडे बरोबर आणि काटा एकटाच चुकत असेल, तरच मीटरला हात लावायचा.

हे तपासायला पहाटे निघा. मी बुटीबोरीच्या पुढे जामच्या दिशेने गेलो, कारण तिथे रस्ता सरळ आहे आणि किलोमीटरचे दगड दिसतात. एका दगडापासून १६ किलोमीटर मोजायचे. मैलांच्या मीटरवर ते ९.९४ भरायला हवेत. माझे भरले ११.४. भागाकार करा: १.१४७. आता काटा बघा, ४६ ला ४० ने भागलं तर १.१५. दोन्ही एकच. म्हणजे मीटर निर्दोष होतं आणि मी ते विनाकारण उघडणार होतो. काट्याची चाचणी निदान दोन वेगांवर घ्या, २० मैलांवर (३२ किलोमीटर) आणि ४० वर. वेग स्थिर धरा, शेजारी बसलेल्याने जीपीएस वाचावं, चालवणाऱ्याने नाही.

मग हे १४.७ टक्के आले कुठून? आधी टायर. गाडीला कुणीतरी २३५/७५ आर १५ रेडियल घातले होते, स्टेपनी मात्र अजून जुन्या ७.००-१६ मापाची होती. छापील मापांवर हिशेब करू नका, कारण वजनाखाली टायर दबतो. हवा बरोबर भरा, टायरला आणि जमिनीला खडूने खूण करा, गाडी सरळ ढकलत चाकाचे पाच फेरे होऊ द्या आणि टेपने मोजा. माझे ११.२० मीटर आले. त्याच जागी स्टेपनी लावून ११.६५. टायर लहान, म्हणून फेरे ४ टक्के जास्त.

उरलेले दहा टक्के क्राऊन-पिनियनचे निघाले. मागचं एकच चाक जॅकवर घ्या, बाकी चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलमध्ये आणि फोर-व्हील काढलेलं. माझ्या गाडीचा हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवरच (मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्यावर) आहे, म्हणून तो सोडावा लागतो, आणि म्हणूनच ठोकळ्यांत कसूर नको. गाडीखाली शिरू नका. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा (दुसरं चाक थांबलेलं असतं, म्हणून दोन फेऱ्यांत क्राऊन एकदाच फिरतो), आणि शाफ्ट किती फिरला ते दुसऱ्याने बाजूने मोजावं. माझा सव्वापाचच्या किंचित पुढे गेला, म्हणजे ४३/८ ची जोडी (क्राऊनचे दात ४३, पिनियनचे ८, भागाकार ५.३७५). बाबांच्या वहीत ३९/८ लिहिलेलं होतं. ४३ ला ३९ ने भागा, १.१०३. त्याला टायरचे १.०४ गुणा, १.१४७ आले. कागदावर हा आकडा उतरला तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता दुरुस्ती. केबल ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागच्या फोर-व्हीलच्या पेटीच्या) मागच्या बाजूला शिरते. नट सोडा, स्लीव्हसकट छोटं पिनियन बाहेर येतं. सध्याचे दात गुणिले चूक, एवढंच गणित: १४ गुणिले १.१४७ म्हणजे १६. दात वाढले की केबल हळू फिरते. पण १६ दातांचं कुठलंही पिनियन चालत नाही. दातांचा तिरपेपणा जुळला पाहिजे आणि बसवल्यावर हाताने फिरवताना ते अडकता किंवा खुळखुळता कामा नये. मला जुन्या गिअरबॉक्समधलं मिळालं, ते नीट बसलं. न मिळाल्यास केबलच्या मध्ये लावायची छोटी गिअरची डबी असते. हिंगणा एमआयडीसीत गिअर कापणारे आहेत, त्यांना नमुना आणि दातांचा हिशेब दोन्ही द्या.

केबल निघालीच आहे तर साफ करून घ्या. २० मैलांवर माझा काटा थरथरायचा, ती केबलची तक्रार होती. आतली तार रॉकेलमध्ये धुवा, यू आकारात धरून बोटांत फिरवा. मध्येच उडी मारली तर तार वाकलेली आहे, बदला. ग्रीस अगदी पातळ लावा आणि मीटरकडची वीतभर तार कोरडी ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात ग्रीस पातळ होऊन वर चढतं, चुंबक आणि वाटीच्या मध्ये शिरतं आणि काटा जास्त दाखवू लागतो.

काटा एकटाच चुकत असेल तर एक ओळख सांगतो. २० वर आणि ४० वर सारखाच, समजा ५ मैलांनी पुढे असेल, तर काटा चुकीच्या जागी बसवलाय. २० वर २ आणि ४० वर ४ अशी चूक वाढत असेल, तर चुंबक किंवा स्प्रिंग. ते काम मीटरच्या कारागिराचं, घरी स्प्रिंग वाकवू नका.

पिनियन बदलून पुन्हा त्याच दगडावरून निघालो. सोळाव्या किलोमीटरला नऊचा आकडा वर सरकत होता आणि शून्य खालून अर्धं दिसत होतं. जीपीएस ६४ वर, काटा ४० वर. मीटरचे जुने आकडे मागे फिरवले नाहीत. बाबांच्या वहीत त्या दिवशीचं रीडिंग टाकून खाली लिहिलं: १४ चे १६ केले, हे टायर आणि क्राऊन-पिनियन बसल्यापासून आजवरच्या मैलांना ०.८७ ने गुणावे.