क्रितामधील ब्रशांचा पसारा टॅग लावून कसा आवरला

क्रिता या संगणकावर चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळातच पुष्कळ ब्रश असतात आणि त्यांत मी बाहेरून आणलेल्या संचांची भर पडल्यामुळे, शाईच्या रेषेसाठी हवा असलेला ब्रश शोधण्यातच चित्राची लय तुटू लागली होती. प्रत्येक ब्रशाचे नाव बदलणे किंवा नको असलेले संच काढून टाकणे मला पटेना, म्हणून टॅगचा, म्हणजे ब्रशांना गटाच्या नावाची चिठ्ठी लावण्याचा, मार्ग धरला.

ब्रशांच्या पटलात ब्रशावर उजवी क्लिक करून त्याला आधीचा किंवा नवा टॅग देता येतो. एकाच ब्रशाला अनेक टॅग चालतात आणि त्यासाठी त्याची प्रत निघत नाही, ही यातली खरी सोय आहे. त्यामुळे माझा कोरडा पेन्सिल-ब्रश ‘कच्चे रेखाटन’ आणि ‘पोत’ या दोन्ही ठिकाणी दिसतो, आणि एका ठिकाणचा टॅग काढला तरी ब्रश शाबूत राहतो. टॅग ब्रशाच्या आकारावरून न देता कामाच्या टप्प्यावरून द्यावेत, असे माझे मत आहे, कारण काढताना आपण ‘गोल ब्रश’ नव्हे, ‘छटा भरण्याचा ब्रश’ शोधत असतो.

कॅनव्हासवर उजवी क्लिक केल्यावर उघडणाऱ्या गोल पॅलेटमध्येही टॅग निवडता येतो, त्यामुळे पटल बहुधा बंदच असते. २०२१ मध्ये आलेल्या क्रिताच्या ५.० आवृत्तीपासून टॅगांची ही माहिती ‘रिसोर्सकॅश.एसक्यूलाइट’ या फाइलमध्ये राहते. म्हणून संगणक बदलण्यापूर्वी ब्रश, टॅग वगैरे संसाधनांच्या संपूर्ण फोल्डरची प्रत घ्यावी.