जुन्या संगणकावरील एकच डिस्क विंडोज आणि लिनक्स या दोन्हींमधून कशी वापरावी

दादरच्या आमच्या घरातील डेस्कटॉप २०१२ सालचा आहे. वडील त्यावर विंडोज १० मध्ये सोसायटीचा जमाखर्च ठेवतात आणि मी त्याच संगणकावर लिनक्स मिंट वापरतो. दोघांना लागणाऱ्या फायली एकाच ठिकाणी राहाव्यात म्हणून आम्ही लॅमिंग्टन रोडवरून १ टीबीची दुसरी हार्ड डिस्क आणून बसवली. दुसरी डिस्क घ्यायची नसेल, तर विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने जागा मोकळी करता येते, मात्र एमबीआर या डिस्कविभागणीच्या जुन्या पद्धतीत चारपेक्षा अधिक प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) होत नाहीत, हे अगोदर पाहावे. यांपैकी काहीही करण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा.

त्यानंतर फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फायली साठवण्याची पद्धत, ठरवावा. फॅट३२ सगळीकडे चालतो, पण त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. लग्नाचा एखादा लांबलचक व्हिडिओही तिथे अडतो. एक्सफॅटला ती मर्यादा नाही आणि मॅकवरही त्यात लिहिता येते, म्हणून ऑफिसात किंवा झेरॉक्सच्या दुकानात नेण्याच्या पेनड्राइव्हसाठी तो उत्तम. परंतु एक्सफॅटमध्ये बदलांची आगाऊ नोंद ठेवणारे जर्नल नसते, त्यामुळे फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर नुकसानीचा धोका वाढतो. संगणकात कायम राहणाऱ्या डिस्कसाठी मी एनटीएफएस हा विंडोजचा स्वतःचा, जर्नल असलेला फॉरमॅटच निवडेन. हा फॉरमॅट विंडोजमधूनच करावा.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. सोसायटीच्या पावत्यांचे स्कॅन मी एकदा लिनक्समधून या डिस्कवर ठेवायला गेलो, तर डिस्क ‘रीड-ओन्ली’, म्हणजे फक्त वाचता येणारी, असल्याचा संदेश आला. वडिलांनी अर्ध्या तासापूर्वीच संगणक रीतसर ‘शट डाउन’ केला होता. कारण होते विंडोज ८ पासून आलेले ‘फास्ट स्टार्टअप’. ते चालू असताना शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपली स्थिती, उघड्या डिस्कविषयीच्या माहितीसह, हायबरनेशनच्या (स्थिती जपून बंद होण्याच्या) फाइलमध्ये साठवते आणि पुढच्या वेळी तीच खरी धरून चालते. मधल्या काळात लिनक्सने काही लिहिले तर दोघांचा हिशेब जुळत नाही आणि फायली बिघडू शकतात, म्हणून लिनक्स सावधपणे लिहिण्यास नकार देते. अशा वेळी लिनक्समधून हायबरनेशनची फाइल जबरदस्तीने पुसू नये; विंडोजमध्ये जतन न केलेले काम तिच्याबरोबर जाते.

उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये ‘कंट्रोल पॅनेल’, ‘पॉवर ऑप्शन्स’ आणि ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ असे क्रमाने उघडावे, सध्या बदलता न येणाऱ्या सेटिंग्जच्या दुव्यावर क्लिक करावे आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढून बदल जतन करावा. विंडोज ७ मध्ये ही सोय नाही, पण तिथेही ‘हायबरनेट’ करून लिनक्समध्ये जाऊ नये.

यानंतर लिनक्समध्ये ‘डिस्क्स’ उघडून ते पार्टिशन निवडावे, दातेरी चाकाच्या चिन्हावरून ‘एडिट माउंट ऑप्शन्स’मध्ये जावे, ‘यूजर सेशन डीफॉल्ट्स’ बंद करावे आणि संगणक सुरू होताच डिस्क जोडली जाईल असा पर्याय ठेवावा. तिथला ‘नोफेल’ हा शब्द पुसू नये. डिस्क कधी सापडली नाही, तरी त्यामुळे लिनक्स सुरू होण्याचे थांबत नाही.

फायलींच्या नावांत अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह घालू नये. लिनक्सला ते चालते, विंडोजला नाही. देवनागरी नावे दोन्हीकडे नीट दिसतात. डिस्कमध्ये बिघाडाची शंका आली, तर तपासणी विंडोजच्या ‘चेक डिस्क’नेच करावी, कारण लिनक्समधील एनटीएफएस दुरुस्तीची साधने मर्यादित आहेत.

शेवटी चाचणी घ्यावी: विंडोजमध्ये एक छोटी फाइल तयार करून संगणक शट डाउन करावा, लिनक्समध्ये तीत एक ओळ वाढवावी आणि परत विंडोजमध्ये येऊन ती ओळ दिसते का ते पाहावे.