अनवाणी वॉटर स्कीइंगच्या सांघिक शर्यतीची तयारी कशी करावी

पायाला स्की न बांधता, मोटरबोटीच्या दोराला धरून नुसत्या तळव्यांवर पाणी कापत जाण्याचा हा खेळ १९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडात सुरू झाला. दीर्घ पल्ल्याच्या सांघिक शर्यतीत खेळाडू आळीपाळीने दोर धरतात, त्यामुळे कोण किती वेळ तग धरतो याइतकेच पडलेला किंवा नव्याने उतरलेला गडी किती लवकर उभा राहतो यालाही महत्त्व येते. तयारीचा मोठा वाटा मी तरी त्यालाच देईन.

आधी पाण्याची निवड करावी. बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयाचे पाणी बेळगावकर पितात, तेव्हा ते सोडून द्यावे. हिडकल (घटप्रभेवरील) किंवा नविलतीर्थ (मलप्रभेवरील) या धरणांत पाटबंधारे खात्याच्या लेखी परवानगीशिवाय बोट उतरवू नये. उन्हाळ्यात पाणी ओसरले की खडक आणि झाडांचे बुंधे वर येतात, म्हणून पावसाळ्यानंतरचे भरलेले पाणी व वारा पडलेली सकाळ निवडावी, आणि जाळी कुठे लावली आहेत हे मच्छीमारांना विचारल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

कमरेला पांगाऱ्याचे हलके, तरंगते लाकूड बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांनीही उघड्या पाण्यात पोहण्याचा सराव करावा. तालमीतल्या बैठका इथे फार उपयोगी पडतात, कारण सारा भार वाकवलेल्या मांड्यांवर येतो.

पहिले धडे बोटीच्या बाजूला आडव्या बसवलेल्या दांड्याला धरून, जाणत्या प्रशिक्षकाकडूनच घ्यावेत. त्यानंतर दोरावरचा आरंभ शिकावा: पाण्यात उताणे पडून पाय दोरावर टेकवावेत, दोराची मूठ कमरेजवळ घट्ट धरावी, बोटीने वेग घेतला की उठून बसावे, पाय दोरावरून काढून टाचा हलकेच पाण्याला लावाव्यात, पायांची बोटे वर ठेवावीत आणि घाई न करता उभे राहावे. पावले लवकर व खोल रुतवली की माणूस तोंडावर आपटतो.

वेगाचा ठोकताळा असा: पौंडांतील वजनाला दहाने भागून त्यात वीस मिळवले की ताशी मैल निघतात. ७० किलोच्या खेळाडूला ताशी सुमारे ५७ किलोमीटर वेग लागतो. प्रत्येकाचा आकडा चालकासमोर लिहून लावावा, नाहीतर हलक्या गड्यामागून जड गडी आला की तो बुडू लागतो.

शेवटी बदलीचा सराव घड्याळ लावून करावा. पुढच्याने जाड अस्तराचा तरंगता पोशाख चढवून तयार असावे, चालकाखेरीज एकाने सतत मागे नजर ठेवावी. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, आणि पडलेल्याने डोक्यावर हात जुळवले तर तो ठीक आहे. ही खूण दिसली नाही तर शर्यत विसरून बोट वळवावी. तळवे भाजल्यासारखे झोंबू लागले की फोड येण्याआधीच गडी बदलावा.