शून्य बालमृत्यू दिसला की आधी रजिस्टर मागा

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात कंत्राटी सल्लागार म्हणून रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. बालमृत्युदर कसा काढतात, आशाताईंचं काम काय आणि सिस्टरांचं काय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मला सांगायची आहे एका यादीची गोष्ट. ती यादी मी केली होती आणि तिच्यामुळे एका सिस्टरांना विनाकारण नोटीस गेली. चार वर्षं झाली, अजून ते मनातून गेलेलं नाही.

जिल्हा आदिवासी, मला रुजू होऊन तीन महिने झालेले. गडचिरोलीचं संशोधन तोंडपाठ होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 1995 पासून 39 गावांत, गावातल्याच प्रशिक्षित बाईच्या हातून, नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेऊन दाखवली. तिथला नवजात मृत्युदर, म्हणजे पहिल्या 28 दिवसांत जाणारी बाळं, हजार जन्मांमागे 62 वरून तिसऱ्या वर्षी 25 च्या आसपास आला. 1999 साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि 2011 मध्ये केंद्र सरकारनं आशांच्या गृहभेटींचा कार्यक्रम आणला. म्हणजे पुरावाही आहे आणि धोरणही आहे. माझा प्रश्न एवढाच होता, की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवसाची भेट रस्त्यावरच्या गावात होते, तशी पावसाळ्यात तुटणाऱ्या पाड्यावर होते का? तिथल्या आशांना जास्तीचा प्रवासखर्च द्यावा, असा प्रस्ताव मला मांडायचा होता. प्रस्ताव चांगलाच होता, आजही मी तो मांडेन.

पण कुठून सुरुवात करायची हे ठरवायला मी सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे बालमृत्युदर काढले, उतरत्या क्रमानं लावले आणि वरच्या पाचांना लाल रंग दिला. मासिक आढावा बैठकीत ती स्लाइड पडद्यावर आली. सगळ्यांत वर होतं 380 जन्म आणि 9 मृत्यू असलेलं केंद्र, हजारी 24. सगळ्यांत खाली 310 जन्म आणि 2 मृत्यू, म्हणजे हजारी 6. वरिष्ठांनी जागेवरच वरच्या केंद्राला कारणे दाखवा नोटीस काढायला सांगितलं. मी गप्प बसले, कारण आकडे माझे होते आणि मला ते बरोबर वाटत होते.

महिनाभरानं मी त्या केंद्राच्या एका उपकेंद्रात गेले. नोटीस मिळालेल्या सिस्टरांनी रजिस्टर पुढं ठेवलं. एक नोंद अजून डोळ्यांसमोर आहे: मुलगी, वय 4 दिवस, वजन 1700 ग्रॅम, आई वीटभट्टीवरून आठवड्यापूर्वी परतलेली, पाड्याचं नाव. बाळाच्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ. मी त्या नोंदीवर बोट ठेवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मॅडम, मी लिहिलं म्हणून तुम्हाला दिसलं.”

परत येऊन मी तळाच्या, म्हणजे ‘उत्तम’ केंद्राचे कागद काढले. पहिल्या आठवड्यातले मृत्यू शून्य होते आणि उपजत मृत्यू, म्हणजे मृतच जन्मलेली बाळं, 11. आता हे नीट समजून घ्या, माझी चूक इथेच झाली. 2020 च्या एसआरएसनुसार, म्हणजे केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार, देशाचा अर्भक मृत्युदर (वर्षाच्या आतले मृत्यू) हजारी 28 आणि नवजात मृत्युदर 20 होता. म्हणजे वर्षाच्या आत जाणाऱ्या 10 बाळांपैकी 7 पहिल्या 28 दिवसांतच जातात, आणि त्यातलीही बहुतेक पहिल्या आठवड्यात. मग 310 जन्मांत पहिल्या आठवड्यात एकही बाळ जात नाही आणि त्याच वेळी उपजत मृत्यू इतके दिसतात, तेव्हा जन्मून काही तासांनी गेलेली बाळं उपजतच्या रकान्यात गेली असण्याची दाट शक्यता असते. तिसऱ्या दिवशी गेलेलं बाळ मात्र उपजतमध्येही बसत नाही, ते कुठेच लिहिलं जात नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असेल तर माहेरचं गाव म्हणतं ती सासरची, सासरचं गाव म्हणतं ती तिकडची.

दुसरी गोष्ट लहान आकड्यांची. वर्षाला 9 मृत्यू अपेक्षित असलेल्या केंद्रात काहीही न बदलता एखाद्या वर्षी 5 दिसतील, एखाद्या वर्षी 13. उपकेंद्रात 60 जन्म असतील तर एका बाळाच्या जाण्यानं दर हजारी 17 नं हलतो. त्यावर क्रमवारी लावू नका. तीन वर्षं एकत्र करा, तालुका एकत्र करा आणि दरासोबत मूळ संख्या लिहाच. जन्मही तपासा: 20 हजार लोकवस्तीच्या केंद्रात वर्षाला साडेतीनशेच्या आसपास जन्म अपेक्षित असताना नोंद 210 ची असेल, तर आधी ती उरलेली बाळं शोधायला हवीत. ‘सर्च’नं तर जन्म-मृत्यूच्या नोंदीला वेगळी माणसं ठेवली होती, शिवाय दर सहा महिन्यांनी घरोघर पाहणी. मी त्यांचा उपाय उचलला आणि त्यांची मोजणी मागेच ठेवली.

नोटिशीनंतर त्या तालुक्यातले कळवले जाणारे बालमृत्यू दोन महिन्यांत निम्म्यावर आले. बैठकीत त्याचं कौतुक झालं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

घाबरून जाऊ नका. ही चूक दुरुस्त करता येते. मी वरिष्ठांना लेखी टिपणी दिली, त्यांनी ती वाचली आणि नोटीस मागे घेतली. चुकलं हे कबूल केल्यावर माझं ऐकलं जायला लागलं, हे मात्र खरं.

आकडे रंगांत दाखवणाऱ्या डॅशबोर्डवर माझा विश्वास उरलेला नाही. रंग दिसले की लोक आकडा विचारायचं सोडून देतात. एनएफएचएसच्या, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या, जिल्हा पत्रकातून तालुक्याचा निष्कर्ष काढणाऱ्यांपासूनही लांब राहा. जिल्ह्यातली सरासरी नऊशेएक घरं पाहून पाड्याबद्दल काही सांगता येत नाही. मार्गदर्शक म्हणाल तर शहरातल्या मोठ्या नावांच्या मागे लागू नका. सांख्यिकीच्या टेबलावर पंधरा वर्षं बसलेल्या माणसाशेजारी खुर्ची ओढा. कोणत्या केंद्राचा अहवाल दर महिन्याला जसाच्या तसा येतो, हे मला तिथंच पहिल्यांदा कळलं.

प्रस्ताव एका पानाचा करा. कोणत्या पाड्यांसाठी, किती रुपये, कोणत्या लेखाशीर्षातून, एवढं वर लिहा; संशोधन खाली चार ओळींत. सेस फंडातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतून, मागणार असाल तर अंदाजपत्रक मार्चमध्ये होतं, तेव्हा दिवाळीनंतर लगेच टिपणी फिरायला लागली पाहिजे. जिल्हा परिषद सदस्यांना दर सांगू नका, त्यांच्या गटातल्या पाड्यांची नावं सांगा. माझा प्रवासखर्चाचा प्रस्ताव पहिल्या वर्षी पडला, दुसऱ्या वर्षी दोन तालुक्यांपुरता मंजूर झाला.

आणि रुजू झालात की पहिल्या महिन्यात एक उपकेंद्र निवडा. तिथलं जन्माचं रजिस्टर, आशाची डायरी आणि अंगणवाडीची यादी शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक बाळ जुळवा. जे बाळ एका यादीत आहे आणि दुसरीत नाही, त्याच्या घरी जा. मी गेले तेव्हा अशी 4 बाळं होती. त्यातली 3 आईसोबत भट्टीवर गेलेली होती.