सेकंडचे छर्रे वापरताय? आधी साईटवरचा हात काढा

घरचं सोयाबीन पेरायच्या आधी आपण 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजतो. 70 च्या खाली आले की बियाण्यावर भरवसा ठेवत नाही. स्वस्तात मिळालेला एअर रायफलच्या सेकंड, म्हणजे दोषामुळे कमी दर्जाच्या ठरलेल्या, छर्ऱ्यांचा डबा मात्र उघडला की तडक नळीत!

आमच्या टिनाच्या शेडमध्ये हेच झालं. सलग 9-10 गुण मारणारी अकरावीतली पोरगी एकदम 10, 7, 9, 6 वर आली. "सर, साईटच हालली वाटते," म्हणत तिनं साईटच्या, म्हणजे नेम जुळवायच्या, चकत्या फिरवल्या. मी फिरवू दिल्या, ती माझी चूक. अर्धा डबा संपला आणि साईटही कामातून गेली. मग उरलेले छर्रे पांढऱ्या कागदावर ओतले. काहींचा मागचा घेर एका अंगानं चेपलेला, काहींच्या कडेला शिशाचा केसाएवढा तुसा.

हा पोकळ घेर हवेच्या दाबानं फुगून नळीला घट्ट बसतो. चेपलेला असला की हवा बाजूनं निसटते, वेग बदलतो, छर्रा डुलत जातो. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि अडीच मिलिमीटर सरकलं की अख्खा गुण गेला. ज्वारीचा दाणासुद्धा याहून मोठा असतो.

म्हणून साईट तशीच ठेवा. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, आधी चांगल्या डब्यातले 5 मारा, मग नव्या टार्गेटवर सेकंडचे 5. चांगले एका जागी आणि सेकंडचे विखुरले, तर दोष मालाचा. दोन्ही विखुरले तर स्क्रू, नळीतली घाण, सिलिंडरचा दाब बघा. दोन्ही एका जागी, पण मध्यापासून दूर, तेव्हाच साईट फिरवायची.

वजन करायचं असेल तर सोनाराकडचा काटा चालतो. मॅचचा, म्हणजे स्पर्धेचा, छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा असतो. पण नुसत्या वजनावर जाऊ नका, छर्ऱ्याच्या पुढच्या डोक्याचा व्यासही 4.49 आणि 4.50 मिलिमीटर असा वेगळा येतो. दोन डबे एकत्र ओतले की मग कशाचाच पत्ता लागत नाही. चेपलेला घेर पेनाच्या टोकानं गोल करायच्याही भानगडीत पडू नका. तो फेकायचाच.

आवाज बसका आला आणि टार्गेटवर भोक नाही? थांबा. छर्रा नळीतच असू शकतो. त्यावर दुसरा कधीच घालू नका. तोंड टार्गेटकडेच ठेवून रायफल खाली ठेवा, सरांना बोलवा. तो क्लिनिंग रॉडनंच काढायचा.

आणि पोरंहो, हात मोकळे राहावेत म्हणून छर्रे ओठात धरता ना, ते बंद. शिसं आहे ते. डबा उघडायच्या आधी, मी जेवणाचा म्हणतोय, साबणानं हात धुवा.