प्राध्यापकांच्या संपात महाविद्यालय चालवताना या चुका टाळा

प्राध्यापकांच्या संपात वर्ग बंद पडतात, हे सर्वांनाच दिसते. परंतु वर्गांखेरीज परिसरातील आणखी काय काय त्यांच्या जिवावर चालते, हे संपाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळते आणि तोवर नुकसान झालेले असते. नागपुरातील एका अनुदानित महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक असताना मी २००९, २०१३ आणि २०१८ ही तिन्ही आंदोलने टेबलाच्या या बाजूने पाहिली. दर वेळी मागण्या वेगळ्या होत्या, प्राचार्य वेगळे होते, चुका मात्र त्याच होत्या. मागण्या रास्त होत्या की नव्हत्या, हा येथे विषय नाही. शिक्षकेतर कर्मचारी कामावर आहेत, असेही मी गृहीत धरले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनीच काम थांबवले, तेव्हाच्या अडचणी निराळ्या होत्या.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे संपावर गेलेल्यांशी बोलणेच बंद करणे. २५ सप्टेंबर २०१८ पासून राज्यभर बेमुदत संप सुरू झाला, तेव्हा आमच्या प्राचार्यांनी पहिल्याच सकाळी ताकीद दिली की कार्यालयातील कोणीही संपकऱ्यांच्या मांडवाकडे फिरकायचे नाही. मांडव फाटकाबाहेर कडुनिंबाखाली होता आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम तेथे रोज दहा ते पाच बसत असत. त्यांच्या प्रयोगशाळेची किल्ली कार्यालयाच्या फळीवर होती. पण डीप फ्रीझर ज्या आतल्या खोलीत होता, तिची एकमेव किल्ली मॅडमच्या पर्समध्ये होती. एका रात्री त्या खोलीची एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा खटका, पडली. सकाळी शिपायाला दाराखालून पाण्याची बारीक रेघ आलेली दिसली. त्याने तेथे पोतेरे टाकले, दुपारी ते पिळले आणि पुन्हा टाकले. वर कळवायचे तर कोणाला, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो गैर नव्हता. तिसऱ्या दिवशी वास आला, तेव्हा मी सीताबर्डीच्या बाजारातून कुलूपवाला बोलावला.

आत ऑक्टोबरचा उकाडा कोंडला होता. फ्रीझरच्या तळाशी पाणी साचले होते आणि त्यात लेबले सुटून तरंगणाऱ्या लहान कुप्या होत्या. काटोलकडच्या संत्र्याच्या बागांमधील मातीतून एका संशोधक विद्यार्थिनीने दोन वर्षांत वेगळे केलेले जिवाणू त्या कुप्यांत होते. काही कुप्यांतील जिवाणू पुन्हा वाढले. पण कोणती कुपी कोणत्या बागेची, हे सांगणारी लेबले गेली होती, त्यामुळे वाढले तेही फारसे उपयोगाचे राहिले नाहीत. मी मांडवात जाऊन सांगितले, तेव्हा मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी पर्समधून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘हाक मारली असती तर फाटकातूनच दिली असती. किल्ली देणे म्हणजे संप मोडणे नव्हे.’ फाटकापासून तो मांडव साठ पावलांवर होता, आणि एमसीबी वर करायला दोन सेकंद पुरतात.

तेव्हापासून संपाची नोटीस आली की मी वही घेऊन प्रत्येक विभागात स्वतः जात असे आणि एकच प्रश्न विचारत असे : तुम्ही पंधरा दिवस आला नाहीत, तर येथे काय बिघडेल? रसायनशास्त्रात सोडियम ज्या रॉकेलखाली बुडवून ठेवतात, त्याची पातळी कोण पाहणार. प्राणिशास्त्रातील मत्स्यटाकीला खाद्य कोण घालणार. वनस्पतिशास्त्राच्या शेडनेटला पाणी कोण देणार. सर्व्हरच्या खोलीतील एसी बंद पडला तर कोणाला फोन करायचा. प्रश्न असे साधेच असतात, परंतु त्यांची उत्तरे फक्त त्या त्या विभागातील माणसाला ठाऊक असतात. दुसऱ्या किल्ल्या विभागप्रमुखांच्या सहीच्या बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवायच्या. नवे अधिकारी ही माहिती व्हॉट्सॲपच्या गटावर मागवतात, त्यांना ‘सर्व ठीक आहे’ असे उत्तर येते आणि त्यांचे समाधान होते. विभागात उभे राहून फ्रीझरचे झाकण उघडून पाहण्याला पर्याय नाही, असे माझे मत आहे. संप सुरू झाल्यावरही कार्यालयातील एका माणसाने रोज मांडवात जाऊन यावे. मी दहाच्या चहाच्या वेळी जात असे. तर्री-पोह्यांचा आग्रह होई, त्याखेरीज कोणी काही म्हणाले नाही.

दुसरी चूक हजेरीपटाची आहे आणि तिचे परिणाम वर्षानुवर्षे पुरतात. ‘संप मिटला की पाहू’ असे म्हणून रकाने कोरे सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. २०१३ मध्ये ४ फेब्रुवारीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार होता आणि तो मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर संपला. त्या काळातील ७१ दिवसांचे वेतन शासनाने रोखले. आम्ही वर्ग घेतले, बहिष्कार केवळ परीक्षेच्या कामावर होता, असे प्राध्यापकांचे म्हणणे होते. हा वाद न्यायालयात गेला आणि २०१८ च्या मागण्यांमध्येही तो होता. अशा वादात कोणी काय केले आणि काय केले नाही, हे विचारले जाते, तेव्हा नुसत्या ‘हजर’ या शब्दातून काहीच निष्पन्न होत नाही. म्हणून मी हजेरीपटाशेजारी एक साधी रोजनिशी ठेवत असे : कोणते तास झाले, कोणते झाले नाहीत, परीक्षेचे कोणते काम कोणी नाकारले. ती त्याच संध्याकाळी लिहायची, शाईने लिहायची आणि खाली प्राचार्यांची सही घ्यायची. नंतर आठवून भरलेली रोजनिशी ओळखू येते, कारण तिचे अक्षर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखे असते.

विद्यार्थ्यांच्या हजेरीचेही तसेच आहे. जो तास झालाच नाही, तो एकूण तासांत मोजू नये. अन्यथा ७५ टक्क्यांच्या अटीत संपाशी काही संबंध नसलेली मुले अडकतात आणि परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी पालक कार्यालयात रांग लावतात.

‘सर्व वर्ग नियमित सुरू राहतील’ अशी सूचना लावू नये. ती विद्यार्थ्यांसाठी नसते, वरच्यांना दाखवण्यासाठी असते. काटोल, उमरेड, सावनेरहून पहाटेची एसटी पकडून आलेली मुलगी रिकाम्या वर्गाच्या दारात उभी राहते आणि दुसऱ्या दिवसापासून ग्रंथालय उघडे असूनही येत नाही. मी फाटकावर फळा लावून रोज संध्याकाळी उद्याचे खडूने लिहीत असे : ग्रंथालय आठ ते सहा, कार्यालय सुरू, शिष्यवृत्तीचे अर्ज स्वीकारले जातील, बी.एस्सी.चे तास नाहीत. महाडीबीटी या शासकीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्जांची पडताळणी लिपिकाच्या आणि प्राचार्यांच्या लॉगिनमधून होते. तिला प्राध्यापकांच्या संपाचे कारण देऊन लांबवणे हा निव्वळ आळस आहे.

फाटकावर पोलीस बोलावू नयेत. ‘मेस्मा लावू’, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायद्याने संपाला बंदी घालू, असे प्राचार्यांनी म्हणू नये, कारण तो अधिकार शासनाचा आहे. वसतिगृहाची मेस बंद करून खर्च वाचवण्याचा विचार मनातही आणू नये.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना संपकऱ्यांचे तास घ्यायला लावणे, हा अधीर प्रशासकांचा आवडता जवळचा मार्ग आहे. ज्यांना तासांप्रमाणे पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षीची शाश्वती नसते, त्यांना नकार देता येत नाही, हे ठाऊक असूनही ते केले जाते. मराठीच्या तरुण मुलाला राज्यशास्त्राच्या वर्गावर पाठवून तास ‘झाला’ असे लिहिल्याचे मी पाहिले आहे. त्यांनी त्यांचे ठरलेले तास घ्यावेत आणि ते तास रोजनिशीत वेगळे नोंदवावेत. त्यापलीकडे त्यांना ओढू नये.

संप मिटल्यावरची चूक उरते. वर्षाकाठी ३० आठवडे, म्हणजे १८० दिवस अध्यापन व्हावे असे विद्यापीठ अनुदान आयोगाचा (युजीसीचा) नियम सांगतो, त्यामुळे बुडालेले दिवस भरून काढावेच लागतात. त्यासाठी प्राचार्य रात्री घरी बसून दिवाळीच्या सुट्टीतले वेळापत्रक तयार करतात आणि सकाळी भिंतीवर लावतात. रविवारी कोणाला येता येईल, प्रात्यक्षिके आधी घ्यायची की अंतर्गत गुण आधी द्यायचे, हिवाळी परीक्षेपूर्वी कोणते घटक शिकवून होतील, हे ज्यांना ठरवायचे आहे त्यांना विचारलेलेच नसते. २०१८ मध्ये असे वेळापत्रक एका दिवसात भिंतीवरून काढावे लागले. दुसरे स्टाफरूममध्ये सर्वांसमोर फळ्यावर आखले गेले. त्याला दीड तास लागला, सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमनी आपणहून दोन रविवार घेतले आणि जाताना आतल्या खोलीच्या दोन्ही किल्ल्या लेबल लावून माझ्या फळीवर टांगल्या.